साडेनऊ इंची क्लच

जळलेली क्लच प्लेट यासीनभाईंनी पकडीत धरून माझ्या नाकासमोर आणली.

"वास घे," ते म्हणाले.

वास घ्यायची गरज नव्हती. गिअरबॉक्स खाली उतरवल्यापासून सगळं गॅरेज त्या वासानं भरलं होतं. प्लेटची कड निळीकाळी पडली होती आणि वरचं अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलं होतं.

"गेल्याच वर्षी घातली होती ही मी. दत्ताभाऊ चालवत असते तर अजून दोन वर्षं बघायला लागली नसती. कोणी जाळली?"

"मी," मी म्हणाले.

यासीनभाईंनी बाबांकडे बघितलं. बाबा दाराशी उपड्या क्रेटवर बसले होते, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरून. आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. बोलणं शाबूत राहिलं, उजवी बाजूही. पण डावा हात ते खिशात ठेवत आणि डावा पाय ओढत चालत. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी वेळणे बंदरातून दापोलीला बर्फ आणि मासळी वाहिली होती, आणि कुणाची गाडी कुठं अडकली की तीही आमच्याच डिझेल पिकअपनं ओढून काढली होती. आता गाडी मी चालवत होते. मला चोवीस वर्षं पूर्ण झाली होती, लायसन्स चार वर्षांचं होतं, आणि बंदरावर अजून कुणी मला ड्रायव्हर म्हणत नव्हतं. "दत्तारामाची कुंदा गाडी घेऊन आलीय," एवढंच म्हणत.

"कशी जाळलीस?" बाबांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

"रविवारी ट्रेलरवर जांभ्याचे चिरे भरले आणि सावरखिंडीत चढवून बघितलं. वळणावर थांबायला लागलं. मग पुन्हा उचलेना."

"आणि तू अर्ध्या क्लचवर रेटत बसलीस."

"हो."

"किती वेळ?"

मी प्लेटच्या निळ्याकाळ्या कडेकडं बघितलं. बाबांनी मान हलवली.

मी हे उगाच केलं नव्हतं. सावरखिंडीच्या अलीकडं तामसवाडी आहे, खाडीच्या काठावर. तिथं गोविंद मेस्त्री लाकडी होड्या बांधायचे. पूर्वी भरतीला होडी अंगणातूनच खाडीत उतरायची आणि समुद्रात जायची. पण खाडीच्या तोंडाशी वाळू साचत गेली आणि वाट बंद झाली. तीन वर्षं मेस्त्रींकडं एकही होडी बांधायला आली नाही. मग वेळण्याच्या रघुवीर पावशांनी अठ्ठावीस फुटी होडी सांगितली, एका अटीवर. होडी वेळण्याच्या समुद्रात आणून द्यायची. म्हणजे खिंड चढायची, पलीकडं उतरायची, आणि मार्गशीर्ष पौर्णिमेच्या दुपारच्या उधाणात होडी पाण्यात सोडायची.

क्रेन त्या रस्त्यात शिरत नव्हती. ट्रॅक्टर गावात होता, पण आदल्या वर्षी त्याच चढावर ओंडके ओढताना त्यानं पुढची चाकं उचलली होती आणि चालवणारा उडी मारून वाचला होता. तेव्हा मेस्त्री आमच्याकडं आले. बाबा ओसरीवर बसून म्हणाले, "गाडी येईल माझी." मेस्त्रींना एवढं पुरे झालं.

आमच्या घरात मात्र काकांनी गाडीला खेडचं गिऱ्हाईक आणून ठेवलं होतं. गाडी चालवायला घरात पुरुषमाणूस नाही, मग ती दारात गंजवायची कशाला, असं त्यांचं म्हणणं. आईनं त्यांच्याकडून पौर्णिमेपर्यंतची सवड मागून घेतली होती. आणि आता पौर्णिमेला नऊ दिवस उरले होते आणि गाडीची आतडी गॅरेजच्या जमिनीवर पडली होती.

यासीनभाईंनी बाकावर दोन खोकी ठेवली.

"ही आहे ती पहिलीच. जशी होती तशी." मग दुसरं खोकं उघडलं. आतल्या प्लेटला अस्तर नव्हतं, तांब्याच्या रंगाच्या सहा जाड वड्या होत्या. सोबतची, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट दीडपट जड होती. "ही खाणीवरच्या गाड्यांना घालतो मी. डोंगर बांध मागं, घसरणार नाही. जळायचं नावच नको."

मी ती हातात घेतली. वजनानंच मला धीर आला.

"हीच घाला," मी म्हणाले.

"थांब," बाबा म्हणाले. "यासीन, बाहेर ती पांढरी गाडी उभी आहे तिला हीच आहे ना?"

"हीच. काल बसवली."

"कुंदा, जा. त्या गाडीत बस. क्लच दाब आणि मी सांगेपर्यंत धरून ठेव."

मी जाऊन बसले. पेडल खाली जाता जाईना. सीटला पाठ रेटून मी ते तळाला नेलं आणि धरलं. बाबा खिडकीपाशी काठी टेकत आले आणि यासीनभाईंना त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाचं विचारू लागले. जेवण कुणाला सांगितलं, मांडव कुठं घालणार. एक मिनिट गेलं. दोन गेली. माझी मांडी आधी तापली, मग थरथरायला लागली. मी दात आवळले. बाबा बोलताना माझ्या तोंडाकडं बघत नव्हते, गुडघ्याकडं बघत होते.

"सोड. सावकाश सोड."

मी सावकाशच सोडत होते. पण अर्ध्यावर पाय दगा देऊन गेला, पेडल वर उसळलं आणि बंद गाडीतही खाली खाडकन आवाज झाला.

"ही नको," बाबा म्हणाले.

"मी सवय करीन. नऊ दिवस आहेत."

"सवयीचा प्रश्न नाही. ही प्लेट एक तर सुटलेली असते नाही तर चिकटलेली. मधलं काही तिला येत नाही. ट्रेलरवर होडी वाळूच्या पोत्यांवर बसवलेली असणार, काथ्यानं बांधलेली. एक हिसका बसला की ती पोत्यांवरून उतरली. मग काय करशील?"

"मग पहिलीच घाला."

"पहिली तू जाळलीस. चढ तोच आहे."

यासीनभाईंनी हात झटकले. "दत्ताभाऊ, तिसरी कुठून आणू? मी काय कारखाना काढलाय?"

बाबा आतल्या आमच्या पिकअपकडं बोट दाखवत म्हणाले, "ह्याच गाडीचं लांब हौद्याचं मॉडेलही निघालं होतं ना? त्याचा क्लच केवढा आहे?"

"साडेनऊ इंची. तुमचा नऊ."

"आणि प्लेट ज्यावर बसते ते फ्लायव्हील? तेही मोठं?"

 यासीनभाई टॉर्च घेऊन पिकअपखाली सरपटत गेले. खालून टॉर्चचा उजेड हलताना दिसत होता. फडक्यानं पुसल्याचा आवाज आला आणि मग त्यांचं हसू ऐकू आलं.

"आयला! बाहेरून दुसरी भोकं पाडलेली आहेत. कंपनीनं एकच फ्लायव्हील दोन्ही गाड्यांना ओतलंय. मी इतकी वर्षं ही भोकं बघतोय आणि कधी विचारच केला नाही कशासाठी ते."

"दाब तेवढाच राहील, पण पकडायला अंग जास्त," बाबा म्हणाले. "अस्तराची प्लेट. मऊ धरेल. चिपळूणला मिळेल का बघ."

यासीनभाईंना योजना पसंत पडली हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला मात्र पसंत पडली नाही. कारण तोपर्यंत एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली होती. पेडल हलकं हवं ते बाबांच्या डाव्या पायासाठी. होडी तेच नेणार होते.

तसं वाटायला कारण होतं. महिनाभर मी बघत होते, बाबा सकाळी ओसरीवर खुर्चीत बसून डावा पाय भिंतीला लावत आणि रेटत. मोजून शंभर वेळा. घाम फुटे तरी थांबत नसत. भिंतीवर त्यांच्या टाचेची काळी खूण उमटली होती. रघुवीर पावशांनी बंदरावर त्यांना विचारलं होतं, "दत्ताराम, स्टीअरिंगवर तूच ना?" आणि बाबा "बघू" म्हणाले होते. मी तिथंच बर्फ उतरवत उभी होते.

मला आनंद व्हायला हवा होता. तो होत नव्हता. आठ महिने पहाटे उठून मीच गाडी काढली होती. लोक हसले तरी मीच ती चालवली होती. आणि गाडीनं काही मोठं करायची वेळ आली तेव्हा मी बाजूच्या सीटवर बसणार होते. वाईट हे की त्याबद्दल बोलायलाही तोंड नव्हतं. क्लच जाळला होता मी.

दोन दिवसांनी चिपळूणहून सेट आला. फ्लायव्हीलचं तोंड लेथवर घासून साफ करून आणलं. यासीनभाईंनी प्लेट बसवायचं काम मला दिलं. "हात धुऊन ये. साबणानं. अस्तराला तेलाचं बोट लागलं की सगळं फुकट." जुन्या गिअरबॉक्सचा दांडा मध्ये घालून मी प्लेट बरोबर मधोमध आणली आणि बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत नेले. रिलीज बेअरिंगही नवं घातलं. गिअरबॉक्स पहिल्याच खेपेला दांड्यावर सरकला तेव्हा यासीनभाई म्हणाले, "हात बापाचा आहे." मी ते मनावर घेतलं नाही.

"आता पाचशे किलोमीटर भार नको," त्यांनी बजावलं. "प्लेट बसायला पाहिजे. भार घातलात तर पुन्हा माझ्याकडं येऊ नका."

पाच दिवस उरले होते. रोज शंभर किलोमीटर.

मी आणि बाबा सकाळी निघायचो. दापोली, खेड, मंडणगड, परत. हौद्यात काही नाही, ट्रेलर नाही. बाबा बाजूला बसत, काठी दोन पायांत. मोकळ्या रस्त्यानं पन्नास किलोमीटर सलग गेले तर त्यांना आवडत नसे. ते मला मुद्दाम बाजाराच्या रस्त्यानं घालत. थांब, उचल. थांब, उचल. मंडणगडच्या चढावर एका ठिकाणी त्यांनी मला तेरा वेळा गाडी उभी करून पुन्हा उचलायला लावली. मागून एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकला.

"इंजिनाकडं लक्ष नको देऊस," ते म्हणायचे. "टाचेखाली काय लागतंय ते बघ. पकडायच्या आधी पेडल जरा थरथरतं. सापडलं का?"

"नाही."

"पुन्हा."

तिसऱ्या दिवशी सापडलं. पेडल वर येताना एका जागी टाचेखाली बारीक कंप आला, आणि गाडी न हलता नुसती ताठ झाली. हँडब्रेक सोडला तरी चढावर मागं गेली नाही. मी ती तशीच क्षणभर धरली आणि पुढं घेतली.  बाबा खिडकीतून बाहेर बघायला लागले.

मला राहवलं नाही. "आता तुम्ही चालवून बघा."

"कशाला?"

"पेडल हलकं आहे. तुम्हाला जमेल."

"तू चालव. पाचशे व्हायला हवेत."

"बाबा, शेवटी तुम्हीच बसणार आहात. मग मला का शिकवताय? तुमचा पाय तयार करा."

बोलून गेल्यावर मलाच वाईट वाटलं. बाबांनी माझ्याकडं बघितलं. रागावले असं दिसलं नाही.

"पुढं बघ," ते म्हणाले. "म्हैस आलीय."

पौर्णिमेच्या सकाळी तामसवाडीत दीडशे माणूस जमलं होतं. होडी ट्रेलरवर चढवून झाली होती. इंजिन अजून बसवलेलं नव्हतं, तरी अडीच टन वजन होतं. ताज्या तेलानं लाकूड चमकत होतं. गोविंद मेस्त्री तिच्याभोवती फिरून प्रत्येक गाठ ओढून बघत होते. सत्तरीचे होते ते, बोलणं कमी. मागच्या चाकांना जमिनीवर पकड मिळावी म्हणून आम्ही पिकअपच्या हौद्यात चाळीस चिरे भरले. चार गडी लाकडी पाचरी घेऊन ट्रेलरच्या मागं उभे राहिले. यासीनभाई दापोलीहून आले होते. "मी खिडकीशेजारनं चालणार. वास आला की ओरडीन," त्यांनी जाहीर केलं.

दहा वाजले होते. उधाणाची भरती साडेबाराला होती.

रघुवीर पावशांनी पिकअपचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि बाबांना हात केला. "चल दत्ताराम. देवाचं नाव घे."

बाबा काठी टेकत आले. दारापर्यंत आले आणि त्यांनी ते दार माझ्यासाठी धरलं.

"बस," ते मला म्हणाले.

मी तशीच उभी राहिले. पावशांचा चेहरा उतरला.

"दत्ताराम, हे काय? तू म्हणालास गाडी तुझी येईल."

"आली की."

"गाडी आली. पण चालवणार कोण? ह्या पोरीनं परवा चिरे चढवताना क्लच जाळला म्हणतात. माझी होडी आहे वर!"

"जाळला म्हणून तर तिला कळलं कसा जळतो."

"मग तो हलका क्लच कशाला शोधत बसलास? दापोलीपासून वेळण्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या पायासाठीच ना?"

"नाही," बाबा म्हणाले. "तिच्या पायाचं माप घेऊन आणलाय. माझा पाय आता क्लचवर ठेवायच्या कामाचा नाही, रघुवीर. मला आठ महिन्यांपूर्वीच कळलंय ते."

 मला त्या पांढऱ्या गाडीतली दोन मिनिटं आठवली. बाबा माझ्या गुडघ्याकडं बघत होते.

पावशे गोविंद मेस्त्रींकडं वळले. "मेस्त्री, तुम्ही सांगा. हे चालेल तुम्हाला?"

मेस्त्रींनी हात फडक्याला पुसले. "पाण्यात पडेपर्यंत होडी माझी आहे," ते म्हणाले. "बाय, बस तू."

मी बसले. बाबांनी दार लावलं, आत डोकावले आणि हळू म्हणाले, "वळणावर मी असेन. माझ्या काठीकडं बघ, दुसऱ्या कुणाचं ऐकू नको. काठी उभी, तर ये. आडवी, तर थांब."

"वळणावर? तिथवर कसे याल?"

"चालत," ते म्हणाले आणि निघाले.

खिंडीचा चढ पाऊण किलोमीटरचा आहे आणि वळण जवळजवळ माथ्यावर. मला आरशात होडीची नाळ, तिचं पुढचं टोक, दिसत होती, आणि समोर चढावर बाबा. डावा पाय टाकायचा, काठी रोवायची, मग उजवा. कुणीतरी हात द्यायला गेलं तर त्यांनी झटकलं. तेव्हा कुठं मला कळलं की महिनाभर सकाळी ते भिंतीला कशासाठी रेटत होते. क्लचसाठी नव्हे. हा चढ पायी चढून वळणावर माझ्यापुढं उभं राहण्यासाठी.

मी बाहीनं डोळे पुसले. बाबा लहान होत होत दिसेनासे झाले तशी मी पहिला गिअर टाकला.

टाचेखाली तो कंप शोधला. सापडला. ट्रेलरची कडी करकरली, दोर ताणले, आणि होडी हलली. हिसका नाही. मागं माणसांचा एकदम मोठा आवाज झाला, पण मी तिकडं लक्ष दिलं नाही. इंजिन खालच्या आवाजात घुमत होतं. यासीनभाई खिडकीशेजारी चालत होते, नाक वर करून, शिकारी कुत्र्यासारखे.

"काही नाही!" ते दर पन्नास पावलांवर ओरडत. "काही वास नाही!"

वळणाच्या दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, रचलेल्या दगडांच्या भिंती, आहेत. पिकअप वळली, पण ट्रेलर आत कापत आला आणि त्याचं डावं चाक गडग्याच्या दिशेनं सरकलं. समोर बाबा उभे होते. घामानं सदरा अंगाला चिकटला होता, छाती वरखाली होत होती. त्यांची काठी आडवी झाली.

मी थांबले. मागं पाचरी ठोकल्याचे चार आवाज आले. जागा तीच. रविवारी मी प्लेट जाळली होती तिथंच, आणि आज मागं चिऱ्यांऐवजी मेस्त्रींची होडी होती.

बाबांनी काठीनं उजवीकडं दाखवलं. मी स्टीअरिंग पूर्ण उजवीकडं कापलं. काठी उभी झाली.

हँडब्रेक. पेडल. कंप. गाडी ताठ झाली, ती मागं जात नव्हती. पाचरी सुटल्या आणि मी तिला वीतभर पुढं घेतलं. काठी आडवी. थांबले. पाचरी. आता डावीकडं. पुन्हा वीतभर. असं मी सहा वेळा केलं. प्रत्येक वेळी अडीच टन माझ्या डाव्या टाचेवर येऊन थांबत होते आणि पाय थरथरत नव्हता. चौथ्या वेळी ट्रेलरचं चाक गडग्यापासून दोन बोटांवर होतं, हे मला नंतर सांगितलं. पावशांनी त्या वेळी डोळे मिटून घेतले होते म्हणे.

सहाव्या वेळी काठी उभी झाली आणि उभीच राहिली.

मी पेडल पूर्ण सोडलं. पिकअप ओढत गेली, गडगे मागं पडले, आणि माथ्यावर येताच समोर सगळा समुद्र उघडला. निळा, भरलेला, काठोकाठ. वेळण्याच्या बंदरातल्या माणसांनी आम्हाला बघितलं असणार, कारण खालून होड्यांचे भोंगे वाजायला लागले.

मी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला. यासीनभाईंनी बॉनेटखाली तोंड घातलं, मग गाडीखाली, मग बाहेर येऊन दोन्ही हात आकाशाकडं केले. "नुसतं डिझेल! डिझेलचा वास!" त्यांनी एका गड्याला मिठी मारली. तो गोंधळून गेला.

बाबा वळणावरून येत होते. मी दार उघडून उतरायला लागले तर त्यांनी लांबूनच काठी आडवी केली. मी थांबले. ते आले, वळसा घालून बाजूच्या सीटवर चढले आणि बसून राहिले. बराच वेळ त्यांना श्वास पुरत नव्हता.

"पाय दुखतोय का?" मी विचारलं.

"दुखतोय," ते म्हणाले. "तुझा?"

"नाही."

ते हसले. आजारानंतर त्यांचं हसू एका बाजूला वळायचं आणि त्यांना ते आवडत नसे. त्या दिवशी त्यांनी लपवलं नाही.

उतार मी पहिल्या गिअरमध्ये, क्लचला हात, म्हणजे पायही न लावता उतरले. सव्वाबाराला आम्ही बंदरात होतो. धक्क्याच्या उतारावर ट्रेलर उलटा घेतला, पाण्यात चाकं बुडेपर्यंत. दोर सोडले. उधाणाचं पाणी होडीखाली शिरलं, एका बाजूनं ती जरा डोलली, दुसऱ्या बाजूनं डोलली, आणि पोत्यांवरून आपल्या आपण उठली.

बंदरभर एकच आरडाओरडा झाला. बायकांनी पाण्यात फुलं टाकली. गोविंद मेस्त्री कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, तळहात लाकडाला लावून. कुठं पाणी आत येतंय का ते हातानं तपासत असतील असं मला वाटलं. मग दिसलं, ते नुसतेच उभे होते.

पावशे माझ्याजवळ आले. काही तरी मोठं बोलायचं त्यांच्या मनात असावं, पण ते म्हणाले, "जेवून जायचं. सगळ्यांनी. आणि तू आत पहिल्या पंगतीला."

त्या वर्षी मेस्त्रींकडं आणखी तीन होड्या बांधायला आल्या. खेडच्या गिऱ्हाइकाला आईनं स्वतः निरोप धाडला की गाडी विकायची नाही. काका चार दिवस घुश्श्यात होते. साडेनऊ इंची क्लच मी त्याच गाडीत पुढं सात वर्षं वापरला.

पण मी सांगायला बसले ती गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळची. मी मागच्या पडवीत चहा पीत होते. दारात मोटरसायकल थांबल्याचा आवाज झाला. हर्णैच्या बाजूचा कुणी तरी माणूस होता, अनोळखी. त्याचा बर्फाचा ट्रक ओढ्यात रुतला होता. बाबा ओसरीवर बसले होते.

"ड्रायव्हर आहेत का घरात?" त्यानं विचारलं.

आजवर या प्रश्नाला बाबा "मीच" म्हणत आले होते. झटक्यानंतर "आता नाही" म्हणत.

"आहे," बाबा म्हणाले. "चहा पितेय. बसा, येईलच."